१०२ लावू की १०८?

केजजवळच्या तांड्यावरून भाचीचा फोन आला. "मावशी, नववा लागलाय. रात्री काही झालं तर १०२ लावू का १०८?"

दोन्ही सरकारी रुग्णवाहिकेचेच नंबर. पैसा दोन्हीकडे लागत नाही, तो विषयच सोड.

अंतराचं बघ. १०२ची गाडी बहुतेकदा प्राथमिक आरोग्य केंद्रातच उभी असते, म्हणून जवळची. बाळंतपण झाल्यावर लेकरासकट घरीही आणून सोडते. १०८ कधी लांबून येते. पण तिच्यात ऑक्सिजन असतो, सोबत डॉक्टर असतो. वाटेत झटका (आकडी) आला तर हाच फरक जिवाचा ठरतो.

मग धोका ओळखायचा कसा? डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंड सुजलंय, बांगड्या मनगटात रुतायला लागल्यात, बीपी १४०/९० किंवा वर: हे दृष्ट लागणं नव्हे गं, बीपी वाढून झटका येण्याची खूण आहे. झटका आलाच तर घरच्यांनी तुला कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा हुंगवत वेळ दवडायचा नाही. बाळंतपणानंतर कापडाची घडी किंवा पॅड पाच मिनिटांत भिजलं, तर तो जास्तीचा रक्तस्राव.

वेळेवर आलेल्या साध्या कळा, तपासणी, घरी परतणं यासाठी १०२. झटका, रक्तस्राव, अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही असलं तर १०८. आणि थेट सिझेरियन व रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी, तुझ्यासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. १०८ला उशीर होणार असेल, तर दारात येईल त्या गाडीने निघ. आशाताईंना आत्ताच सांगून ठेव.