आफ्रिकेतल्या गोष्टींचं पुस्तक, आठ महिने रोज रात्री वापरून

लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला ऑनलाइन मागवलं होतं. इंग्रजी पुस्तक, बारा गोष्टी, पानभर चित्रं. मी ते वाचून दाखवत नाही. चित्र उघडायचं आणि मराठीत सांगत सुटायचं. पहिल्या आठवड्यात पाच तारे दिले असते, आता साडेतीन.

सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट कासवाची. नायजेरियातल्या इग्बो लोकांची. पक्ष्यांना आभाळात जेवणाचं आमंत्रण येतं. कासव प्रत्येकाकडून एकेक पीस मागून पंख करतं आणि सांगतं, मेजवानीला जाताना नवीन नाव घ्यायची रीत असते. स्वतःचं नाव ठेवतं ‘तुम्ही सगळे’. वर पोचल्यावर यजमानाला विचारतं, हे जेवण कोणासाठी? इथे मी दोन रात्री अडले. मराठीत उत्तर येणार ‘तुम्हा सगळ्यांसाठी’, म्हणजे नावाची गंमतच गेली. शेवटी प्रश्न बदलला. ‘आधी कोण जेवणार?’ ‘तुम्ही सगळे!’ आणि लेक गादीवर लोळून हसली.

पुढे चिडलेले पक्षी आपापली पिसं काढून घेतात. कासव पोपटाकडून बायकोला निरोप धाडतं की घरातलं मऊमऊ सामान अंगणात टाक, मी उडी मारतोय. पोपट मुद्दाम उलटं सांगतो. मूळ गोष्टीत कुदळी, भाले, बंदुका निघतात. आमच्या अंगणात पाटा-वरवंटा, कुकर आणि लेकीच्या आग्रहावरून मिक्सर. पाठ फुटते, तुकडे जोडून चिकटवतात, म्हणून कासवाची पाठ अशी. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या कादंबरीतही एक आई आपल्या लेकीला हीच गोष्ट सांगते, हे मला नंतर आठवलं आणि उगाच बरं वाटलं.

दुसरी आवडती अनान्सीची. घानातल्या अकान लोकांचा हा लबाड कोळी. आकाशदेव न्यामेकडून जगातल्या सगळ्या गोष्टी विकत घ्यायला निघतो आणि किंमत म्हणून त्याला अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या असं काय काय पकडून आणायचं असतं. गांधीलमाश्यांवर पाणी शिंपडून म्हणतो, ‘अगं बायांनो, पाऊस आला, या भोपळ्यात शिरा!’ भोपळा म्हटल्याबरोबर लेक ओरडली, ‘टुणुक टुणुक!’ तेव्हापासून आमच्याकडे त्या गांधीलमाश्यांबरोबर म्हातारीही लेकीकडे निघालेली असते.

आता तक्रारी. प्रत्येक गोष्टीवर नुसतं ‘आफ्रिकन लोककथा’ छापलंय. कुठली, कोणाची, काही नाही. अनान्सी घानाचा, चतुर ससा सुंगुरा स्वाहिली बोलणाऱ्या पूर्व आफ्रिकेतला. घानातलं आक्रा ते केनियातलं नैरोबी चार हजार किलोमीटरहून जास्त आहे हो! ही नावंगावं मला बाहेरून शोधावी लागली. शिवाय शेवटी चौकटीत तात्पर्य. ‘अनान्सीने फसवलं, ते बरोबर होतं का?’ अहो, तो फसवतो म्हणून तर मूल ऐकतंय. चौकटीवर मी स्टिकर चिकटवले.

सगळ्यात मोठी उणीव मला फार उशिरा कळली. या गोष्टी एकट्याने सांगायच्याच नसतात. केनिया-टांझानियात सांगणारा म्हणतो ‘पाऊक्वा’, ऐकणारे म्हणतात ‘पाकावा’, मग गोष्ट सुरू. पुस्तकात याचा उल्लेखही नाही. आम्ही हे सुरू केल्यापासून मधल्या प्रश्नांनाही उत्तरं येऊ लागली. परवा आजींनी ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं, तर त्यांना थांबवून हिने पाऊक्वा करायला लावलं. आजी ‘पाकोवा’ म्हणतात. चालतंय.

फुकटात हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेतून चालणाऱ्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ या वेबसाइटवर मुलांच्या चित्रगोष्टी आहेत, छापूनही घेता येतात. चित्रांची छपाई मात्र या पुस्तकाचीच सरस. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात देऊ नका, पानं पातळ आहेत. आमचा अजगर डिसेंबरपासून सेलोटेपवर आहे.