एमपी४ मागू नका, कोडेक विचारा : एच.२६४, एच.२६५ की प्रोरेस?

"फाइल कशात हवी?" असं कुणी विचारलं की मी पूर्वी "एमपी४" म्हणून मोकळा व्हायचो. एकदा दोन तासांच्या मुलाखतीचं फुटेज आलं. एमपी४च होतं. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकून प्ले दाबलं तर आवाज पुढे पळतोय आणि चित्र जागच्या जागी. दुसऱ्या मशीनवर तर नुसता आवाज, चित्राच्या जागी काळी पाटी. पाठवणाऱ्याची काही चूक नव्हती. मी मागितलं तेच त्याने दिलं होतं.

एमपी४ हा फक्त डबा. एमओव्ही आणि एमएक्सएफ हेही डबेच. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, ते कोडेक ठरवतो. एमपी४च्या आत एच.२६४ असेल, एच.२६५ असेल किंवा एव्ही१ही असेल. एमओव्हीमध्ये प्रोरेस जसं असतं तसं एच.२६४ही असतं. एक्स्टेन्शन बघून फाइल जोखणं म्हणजे पाकिटावरून पत्रातला मजकूर ओळखणं.

तेव्हा खरी निवड कोडेकची. बहुतेकांपुढे तीन पर्याय असतात. एच.२६४ हे २००३ सालचं मानक, आणि आजही जवळजवळ प्रत्येक फोन, टीव्ही आणि ब्राउझरवर चालतं. एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, २०१३ सालचं. तोच दर्जा साधारण निम्म्या बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला निम्माच डेटा खर्चून देतं, पण उलगडताना प्रोसेसरला जास्त राबवतं. तिसरं अ‍ॅपलचं प्रोरेस, २००७ पासूनचं. त्याच कामाचा दुसरा कोडेक म्हणजे अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचआर. खाली प्रोरेसबद्दल जे म्हणतो, ते बहुतांशी त्यालाही लागू आहे.

कट देताना काय होतं

पहिल्या दोघांत आणि तिसऱ्यात जो मूळ फरक आहे तो फाइलच्या आकाराचा नाही, रचनेचा आहे. एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये सहसा एक फ्रेम पूर्ण साठवतात, ती आय-फ्रेम. तिच्या पुढच्या कितीतरी फ्रेम म्हणजे "आधीच्यापेक्षा काय बदललं" एवढीच टिपणं. या गटाला गॉप म्हणतात आणि तो मोठा असला की लाँग-गॉप. नुसतं बघायला ही रचना उत्तम आहे, कारण बघणारा सरळ पुढे जात असतो.

एडिटर सरळ जात नाही. समजा गटातल्या सतराव्या फ्रेमवर कट द्यायचाय. मशीनला मागे पहिल्या आय-फ्रेमपर्यंत जावं लागतं आणि तिथून एकेक बदल जोडत सतरावी फ्रेम उभी करावी लागते. खात्री करायची असेल तर अशी क्लिप टाइमलाइनवर टाका आणि कीबोर्डवरचं 'J' बटण दाबून उलटी चालवा. चित्र बऱ्याचदा धक्के खात, टप्प्याटप्प्याने मागे येतं. तीच क्लिप प्रोरेस करून उलटी चालवली की ती सुरळीत येते, कारण प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम आपल्यापुरती पूर्ण असते. याला ऑल-इंट्रा म्हणतात. काही कॅमेऱ्यांत एच.२६४सुद्धा ऑल-इंट्रा रेकॉर्ड करता येतं. मेन्यूत 'ऑल-आय' दिसलं तर ते हेच.

या सुखाची किंमत हार्ड डिस्कमध्ये मोजावी लागते. हिशेब सोपा आहे : मेगाबिटला आठने भागलं की मेगाबाइट. कॅमेरा यूएचडीमध्ये, म्हणजे ज्याला सरसकट ४के म्हणतात त्या आकारात, सेकंदाला १०० मेगाबिटने एच.२६४ लिहीत असेल, तर तासाला ४५ जीबी. तेच यूएचडी, सेकंदाला २५ फ्रेमवर प्रोरेस ४२२ मध्ये तासाला साधारण २२१ जीबी, आणि त्याच्या वरच्या दर्जाचं प्रोरेस ४२२ एचक्यू घेतलं तर ३३२ च्या आसपास. तीन कॅमेऱ्यांचं दिवसभराचं शूट असेल तर बॅकअपची दुसरी प्रत धरून गुणाकार एकदा कागदावर करून बघा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. एच.२६४ फुटेज प्रोरेसमध्ये बदललं की "क्वालिटी वाढते" असं सांगणारे बरेच भेटतात. ती रतीभरही वाढत नाही. शूट करताना जे टाकून दिलं ते परत येत नसतं. वाढतो तो एडिटिंगचा वेग. आणि ग्राफिक्सला पाठवा, परत आणा, पुन्हा एक्स्पोर्ट करा अशा फेऱ्यांत जी झीज होते, ती प्रोरेसमध्ये खूपच कमी.

बिट आणि रंग

कोडेक ठरला तरी काम संपत नाही, कारण एच.२६५ म्हटलं की त्यातही ८-बिट आणि १०-बिट आहे, ४:२:० आणि ४:२:२ आहे. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १,०२४. उतरत्या उन्हातलं मोकळं आकाश ग्रेड करायला, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड जुळवायला घ्या. ८-बिटमध्ये निळ्याचे पट्टे पट्टे सुटायला लागतात, त्यालाच बँडिंग म्हणतात. लॉग प्रोफाइलमध्ये (नंतर ग्रेड करायचं म्हणून मुद्दाम फिकं ठेवलेलं चित्र) शूट करणार असाल तर १०-बिटच घ्या. ८-बिट लॉगपेक्षा कॅमेऱ्याचं साधं प्रोफाइल बरं, असं माझं मत आहे, आणि बिघडलेले चेहऱ्याचे रंग दुरुस्त करत बसल्यावर ते झालेलं आहे.

४:२:२ चं महत्त्व त्या मानाने कमी. ४:२:० मध्ये चार पिक्सेल मिळून रंगाची एकच नोंद असते, ४:२:२ मध्ये दोघांत एक. ग्रीन स्क्रीनवर केसांच्या कडा कापताना हा फरक डोळ्यांत भरतो. समोर बसून बोलणाऱ्या माणसात तो शोधूनही सापडत नाही. उलट एच.२६५, १०-बिट, ४:२:२ हे तिन्ही एकत्र आलं की बऱ्याच जुन्या ग्राफिक्स कार्डांचं हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे कार्डानेच फाइल उलगडणं, तिथेच थांबतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. महागडं मशीन असूनही प्लेबॅक अडखळतो, आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो.

फ्रेम रेटबद्दल एकच सांगतो. फोन बऱ्याचदा व्हेरिएबल फ्रेम रेटने शूट करतो, म्हणजे उजेड कमी-जास्त झाला की सेकंदाला येणाऱ्या फ्रेमही कमी-जास्त होतात. माझ्या त्या मुलाखतीचा आवाज पळाला तो यामुळे. अशी फाइल आली की एडिटच्या आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायची, नंतर नाही.

मग घ्यायचं काय?

मुलाखत, व्याख्यान, कार्यक्रम असं लांबलचक शूट असेल आणि रंगांशी फार खेळायचं नसेल, तर एच.२६४, ८-बिट, चांगला बिटरेट. यात कमीपणा नाही. ग्रेडिंग करायचं असेल तर एच.२६५, १०-बिट. जाहिरात, व्हीएफएक्स, ग्रीन स्क्रीन, किंवा फुटेज चार जणांच्या हातांतून फिरणार असेल, तर कॅमेऱ्यातूनच प्रोरेस, आणि डिस्कचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवशी.

मशीन साधारण असेल तर सगळं फुटेज प्रोरेस करत बसू नका, प्रॉक्सी करा, म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या, लहान प्रती. एचडी आकारातली प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमवर तासाला साधारण १७ जीबी घेते. कट प्रॉक्सीवर द्यायचे, ग्रेडिंग आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल जोडायच्या. फाइलची नावं आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा) मात्र बदलू नका, नाहीतर शेवटच्या रात्री 'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी ठरलेली.

डिलिव्हरीला डोकं कमी लावावं लागतं. बघायला पाठवायचं किंवा अपलोड करायचं तर एच.२६४. यूट्यूब साध्या १०८० पी व्हिडिओसाठी, २४ ते ३० फ्रेमला, ८ मेगाबिट सुचवतं. म्हणजे तासाला ३.६ जीबी. घरी ठेवायचा मास्टर मात्र प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये काढून ठेवा. दोन वर्षांनी कुणीतरी "तेवढं एक नाव बदलून द्या" म्हणतं, तेव्हा प्रोजेक्ट उघडेलच याचा भरवसा नसतो.

आता मला कुणी "फाइल कशात हवी?" विचारलं की मी लिहून पाठवतो : यूएचडी, २५ फ्रेम कॉन्स्टंट, एच.२६५, १०-बिट, ४:२:०. आणि शूटच्या आदल्या दिवशी त्याच सेटिंगवरची १० सेकंदांची क्लिप. तिच्यात कुणीतरी हात हलवत आकडे मोजायचे, म्हणजे आवाज जुळतोय का तेही कळतं. ती क्लिप माझ्या टाइमलाइनवर उलटी चालली की मी "चालेल" असा निरोप देतो.