पद्मिनीचं इंजिन बांधून आठ महिने झाले: काय टिकलं, काय पुन्हा उघडावं लागलं

आमची १९८४ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. इंजिन बांधल्यावर सहा हजार किलोमीटर झाले, दोनदा ऑइल बदललं, आता लिहायला हरकत नाही.

खोललं तेव्हा बोअरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या भोकाच्या) वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कड पडली होती, क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) चरे होते, आणि अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, पाण्याच्या वाटांभोवती पार खाल्लं होतं. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी ओतलं, त्याचं हे फळ. ओळखीतले सगळे म्हणाले, जुन्या बाजारातून दुसरं इंजिन उचल. पण टॅक्सीखाली आयुष्य काढलेलं इंजिन आणून मी काय कमावणार होतो?

कोल्हापुरात उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे ब्लॉक नेला. "मायक्रोमीटर लावल्याबिगर मी काय बी बोलत न्हाय, सायेब." तिथेच काम द्यायचं ठरलं. ब्लॉकचा बोअर आधीच ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा झालेला. ६०वर नेता आला असता, पण त्या मापाचे पिस्टन मिळाले ते वजनाला चार तऱ्हेचे. मग चारही सिलिंडरना स्लीव्ह (आतून बसणारी नळी) बसवून पुन्हा मूळ ६८ मिमीवर आणलं. खर्च वाढला, पण पुढच्या वेळी बोअर करायला जागा शिल्लक राहिली. पिस्टन हातात आल्याशिवाय शेवटचं होनिंग (बोअर घासून नेमक्या मापाला आणणं) करू देऊ नका. ज्याचं भोक त्याच्या मापाने व्हायला हवं.

क्रँक आधीच १० थाऊ बारीक झालेला, तो २०वर घासला. घासल्यावर ऑइलच्या भोकांत बारीक लोखंडी चुरा बसतो. मिस्त्रींनी हवा मारली होती, तरी घरी आणून रॉकेल आणि ब्रशने पुन्हा साफ केला, तेव्हा बशीत काळा गाळ निघाला. तो नव्या बेअरिंगमध्ये गेला असता! हेडला आर्गन वेल्डिंग करून फेसिंग केलं (पृष्ठभाग सपाट केला), पाचशे किलोमीटरवर बोल्ट पुन्हा कसले.

चूक माझीच झाली. व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) 'चालतील' म्हणून जुनेच ठेवले. दोन महिन्यांत सकाळी सुरू करताना आणि उतारावर पाय उचलून पुन्हा रेस दिली की निळा धूर. पुन्हा हेड काढा, नवे गाइड, आणि गाइड बदलले की व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटही नव्याने कापाव्या लागतात. गॅस्केट, मजुरी, वेळ, सगळं दुप्पट.

आता साखरप्याहून आंबा घाट चार माणसांसह चढते, टेम्परेचरचा काटा मध्यावरच राहतो. पूर्वी तीनशे किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल प्यायची; आता मधे भर घालावी लागत नाही. एकच तक्रार उरलीय: क्लचच्या बाजूने दोन थेंब ऑइल पडतं. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात जात नाही, म्हणून सध्या गाडीखाली पुठ्ठा आहे.