टेस्टडाफ: कुणी द्यावी, कुणी देऊ नये

टेस्टडाफ म्हणजे जर्मन विद्यापीठांत प्रवेशासाठी द्यायची जर्मन भाषेची परीक्षा. जर्मनीतला अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असेल तर ती बहुतेक वेळा लागतच नाही. विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटी आधी नीट वाचा. 'असलेली बरी' म्हणून दिलेली टेस्टडाफ म्हणजे फी पाण्यात.

माध्यम जर्मन असेल तर मात्र परीक्षा दमदार आहे. डिजिटल टेस्टडाफमध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि बोलणं मिळून ३ तास १० मिनिटं जातात. पास-नापास नाही, प्रत्येक विभागाला ३, ४ किंवा ५ अशी वेगळी पातळी मिळते. साधारणपणे चारही विभागांत ४ मागतात. एखादा ३ दुसरीकडच्या ५ने भरून घेणारी विद्यापीठंही आहेत, पण त्या भरवशावर राहू नका. प्रमाणपत्राला मुदत नसते, हे उत्तम.

घोडं पेंड खातं ते बोलण्यात. परीक्षक समोर नसतोच. हेडफोन, माइक आणि पडद्यावर कमी कमी होत जाणारे सेकंद, बस्स. ३५ मिनिटांत ७ प्रश्न: कुणाला सल्ला द्या, मजकुराचा सारांश सांगा, एखाद्या उपायावर टीका करा. वेळ संपली की रेकॉर्डिंग बंद, वाक्य अर्धं राहिलं तरी. क्लासमध्ये फडाफडा बोलणारेही इथे गडबडतात, कारण मान डोलावणारं कुणी नसतं. सराव मोबाइलवर टायमर लावून, रेकॉर्ड करूनच करा.

लेखनात अर्ध्या-अर्ध्या तासाचे २ प्रश्न. पहिल्यात किमान २०० शब्दांत मुद्देसूद मत मांडायचं. दुसऱ्यात मजकूर आणि आलेख यांतली माहिती १०० ते १५० शब्दांत एकत्र आणायची. तिथे स्वतःचं मत घुसडणं आणि मूळ वाक्यं जशीच्या तशी उचलणं, हे दोन्ही महागात पडतं. सगळं टाइप करायचं असल्यामुळे हात संथ असेल तर येत असूनही लिहून होत नाही.

खरी खोट पुढे आहे: एका विभागात घसरलात तरी अख्खी परीक्षा पुन्हा. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची सी१ (प्रगत पातळीची) भाषापरीक्षा २०२४पासून एकेक विभाग करून सुटी-सुटी देता येते. एकच बाजू लंगडी असेल तर ती बघा, मात्र तुमचं विद्यापीठ ती स्वीकारतं का हे आधी विचारा.

नुकतीच बी२ (सी१च्या खालची पातळी) संपवून लगेच फॉर्म भरू नका. अधिकृत संकेतस्थळावरचा मोफत नमुना संच घड्याळ लावून सोडवा. हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते आणि निकालाला महिनाभर तरी धरावा लागतो, त्यामुळे मेनंतरची तारीख घेणं म्हणजे जुगारच.