गाडीतील स्पीकर सिस्टीम, काही महिन्यांच्या वापरानंतर: गायिका बसते कुठे?

काचेच्या दुरुस्तीसाठी दाराचे पॅनल उघडावे लागले आणि गाडी परत आली तेव्हा गायिकेचा आवाज जागेवर नव्हता. आधी तो डॅशबोर्डच्या मधोमध, समोरच्या काचेच्या खालच्या कडेला ठाम ऐकू येत असे. आता तो गाडीभर विखुरला होता आणि डग्ग्याचा घुमारा पार गेला होता. "दोन्हीकडून आवाज येतोय ना, मग झालं," हे वर्कशॉपचे उत्तर.

मी एक मोनो रेकॉर्डिंग लावले. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना एकच सिग्नल जातो, त्यामुळे गाणारी व्यक्ती समोर एका जागी यायलाच हवी. ती येत नसेल आणि बॅलन्स पूर्णपणे एका बाजूला फिरवल्यावर बेस उलट भरदार होत असेल, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्याचा दाट संशय घ्यावा. तसेच निघाले. दोन वायरींच्या अदलाबदलीसाठी त्यांनी पुन्हा मजुरी मागितली. मी दिली नाही.

आता सिस्टीमविषयी. सुरुवातीला मला तिचे ट्वीटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) कर्कश वाटत आणि ते बदलण्याचा विचार पक्का होत आला होता. मात्र टाइम अलाइनमेंटचे, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज किती उशिरा सोडायचा याचे, सेटिंग नीट लावल्यावर ते मत टिकले नाही. माझ्या डोक्यापासून जवळच्या दाराचा स्पीकर सुमारे ८० सेंटीमीटरवर, तर लांबचा १३० सेंटीमीटरवर आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे जवळचा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि आधी पोहोचलेल्या आवाजावरूनच कान दिशा ठरवत असल्याने सगळी मैफल त्या दाराला चिकटते. जवळच्या स्पीकरला तेवढा विलंब दिला, त्या बाजूच्या ट्वीटरची पातळी किंचित उतरवली आणि गायिका मध्यभागी आली, कर्कशपणाही निवळला. नव्या ट्वीटरचा खर्च वाचला, हे मला आवाजाइतकेच गोड वाटले.

डिकीतला सबवूफर (खास बेसचा स्पीकर) ८० हर्ट्झवर कापला आहे, म्हणजे त्याच्याकडे साधारण त्याखालचाच आवाज जातो. इतक्या खालच्या आवाजाची दिशा कानाला सहसा कळत नाही, त्यामुळे बेस समोरूनच आल्यासारखा वाटतो. पण नंबर प्लेट थरथरली की त्या खडखडाटाने डिकीचा पत्ता लगेच कळतो. प्लेटमागे फोमची पट्टी लावल्यावर तो प्रश्न मिटला. आवाजातला पुढे-मागे असण्याचा भास मात्र बेताचाच आहे: तबलजी गायिकेच्या मागे न बसता तिच्या मांडीला मांडी लावून बसतो. शिवाय हा सारा थाट एकाच आसनापुरता. शेजारी बसणाऱ्याला गायिका त्याच्याच खिडकीत ऐकू येते आणि 'सर्व आसने' हे सेटिंग निवडले, तर सगळे विलंब शून्यावर येऊन दोघांचीही गैरसोय होते.