सैनिक खरा, मुलगा खोटा: अमेरिकन वंशावळीच्या नावाखाली झालेली फसवणूक

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात (१७७५ ते १७८३) लढलेला पूर्वज शोधून देतो, असं सांगून एका कुटुंबाकडून तीन हप्त्यांत अठराशे डॉलर घेतले गेले. हाती आली ४८ पानांची, चामडी बांधणीची वंशावळ. त्यातला सैनिक खरा होता, त्याच्या पेन्शनच्या फाईलचा क्रमांकही खरा होता. पण या कुटुंबाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आता जावई किंवा सून तिकडची असते आणि नातवंडांसाठी अशी वंशावळ हौसेने करून घेतली जाते. म्हणून ही फसवणूक नेमकी कशी झाली ते तपशिलात सांगायला हवं.

खोटेपणा सैनिकाच्या पानावर शोधू नका, त्याच्या मुलाच्या पानावर शोधा. १७९० ते १८४० या पहिल्या सहा खानेसुमाऱ्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी मोजलेली. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५० मध्ये प्रथम लिहिलं गेलं, आणि प्रमुखाशी त्याचं नातं काय हा रकाना तर १८८० मध्ये आला. मधली एक-दोन माणसं अशी अंधारात राहतात आणि विकणारा तिथेच हात मारतो. आडनाव जुळणारा एखादा सैनिक उचलायचा आणि गिऱ्हाइकाचा ठाऊक असलेला सर्वांत जुना पूर्वज त्याचा मुलगा म्हणून जोडून द्यायचा.

इथे तेच झालं. फाईलचा क्रमांक ‘डब्ल्यू’ अक्षराने सुरू होत होता, म्हणजे पेन्शन विधवेला मंजूर झालेलं. (‘एस’ म्हणजे स्वतः सैनिकाला, ‘आर’ म्हणजे अर्ज नामंजूर.) वंशावळीत या फाईलच्या चार पानांचे फोटो होते. मूळ फाईल ३८ पानांची निघाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या फायलींच्या दोन मायक्रोफिल्म मालिका काढल्या आहेत: एम ८०५ मध्ये मोठ्या फायलींतली फक्त निवडक पानं आहेत, एम ८०४ मध्ये सगळी. निवडक पानांवर कधीच समाधान मानू नका, एम ८०४ चं पानन् पान मागा.

उरलेल्या ३४ पानांत बायबलचं एक पान होतं. १८३८ च्या कायद्यानुसार १७९४ पूर्वी लग्न झालेल्या विधवांना पेन्शन मिळू लागलं, पण लग्नाचा दाखला बहुतेकींकडे नव्हता. मग घरच्या बायबलात जिथे लग्नं, जन्म, मृत्यू लिहिलेले असत, ते पानच फाडून वॉशिंग्टनला पाठवलं जाई. या फाईलमधलं पान शिवणीजवळ फाटलेलं, शाई तपकिरी पडलेली, नऊ मुलांची नावं एकाखाली एक. पाचवा थॉमस, जन्म १७८९. त्याच ओळीच्या शेवटी वेगळ्या हस्ताक्षरात त्याच्या मृत्यूचं साल आहे: १८११. कुटुंबाला ठाऊक असलेला सर्वांत जुना पूर्वजही थॉमसच, पण तो १८५० च्या खानेसुमारीत ४६ वर्षांचा, म्हणजे जन्म १८०४ च्या सुमाराचा, आणि तोही पेन्सिल्व्हेनियातला. सैनिकाचं घर त्या सगळ्या काळात व्हर्जिनियात. हे एक पान दाखवलं असतं तर व्यवहार तिथेच मोडला असता, म्हणूनच ते दाखवलं नाही.

असं पान हाती आलं तरी नीट बघा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेल्या असतील तर त्या घटना घडतील तशा लिहिलेल्या नाहीत, मागाहून एका बैठकीत उतरवलेल्या आहेत. मुखपृष्ठाचं पान सोबत असेल तर बायबल कधी छापलं ते पहिल्या नोंदीच्या सालाशी ताडून पाहा.

बाप-लेकाचं नातं ‘सिद्ध’ करायला वंशावळीत १८०५ च्या एका मृत्युपत्राचा हवाला दिला होता, तेव्हाच्या व्हर्जिनियातल्या लुइस काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कचेरीतल्या. ही काउंटी हॅरिसन काउंटीतून वेगळी झाली १८१६ मध्ये. १८०५ मध्ये ती कचेरीच नव्हती. शिवाय वहीचा क्रमांक आणि पान दिलेलं नव्हतं. ज्या हवाल्यात वही आणि पान नाही तो हवाला धरूच नका. काउंटी कधी आणि कशातून निघाली हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि जुने दस्त सहसा मूळ काउंटीतच राहतात. ‘ज्युनियर’ या शब्दावरही जाऊ नका. त्या काळी एका गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग तो पुतण्या असो की परका.

पेन्शनची खरी फाईलसुद्धा डोळे मिटून मानायची नसते. युद्धखात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० ला आग लागून आधीचे कागद जळाले. १८३२ च्या कायद्याने सहा महिने सेवा झालेल्यांनाही पेन्शन खुलं झालं, तेव्हा म्हातारे सैनिक कोर्टात उभे राहून आठवेल तसं सांगत. पश्चिम व्हर्जिनियात दलालांनी खोट्या सेवेचे अर्ज रचले आणि १८३४-३५ मध्ये सरकारी वकिलाला त्याची चौकशी करावी लागली.

शेवटचा हप्ता काढला गेला तो सभासदत्वाच्या आमिषावर. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांच्या वंशज स्त्रियांच्या, १८९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत प्रवेश नक्की, असं सांगितलं गेलं. ही हमी बाहेरचं कोणीही देऊ शकत नाही, कागद संस्थेचे स्वतःचे वंशावळतज्ज्ञ तपासतात. संस्थेचा पूर्वजांचा शोध त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. सैनिकाच्या नावापुढे सेवा किंवा वंश नव्याने सिद्ध करावा लागेल असा शेरा दिसला, तर जुन्या सभासदाच्या अर्जाची नक्कल विकत घेऊन उपयोग नाही.

डीएनए चाचणी जोडली की सगळं पक्कं, हेही खरं नाही. पणजोबाच्याही वर चार पिढ्या गेलं की त्या एका पूर्वजाकडून आलेला वाटा सरासरी एक टक्क्याहून कमी उरतो. जुळणारी माणसं त्याच खोट्या वंशवृक्षाची नक्कल करून बसलेली असतील, तर जुळण्याने काहीच ठरत नाही.

पैसे देण्याआधी लेखी करार करा. प्रत्येक पिढीच्या जोडासाठी मूळ कागदाचा पूर्ण फोटो मिळेल आणि जोड सापडला नाही तर तसं लिहून मिळेल, ही दोन वाक्यं त्यात हवीतच. ‘सापडलं नाही’ असं लिहून देणारा माणूस शंभरदा बरा. पैसे क्रेडिट कार्डाने द्या. फसवणूक कळली की ती रक्कम पहिल्यांदा ज्या स्टेटमेंटवर आली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी कळवा आणि फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवा.

आणि ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या, सगळ्यांना बदलता येणाऱ्या सामायिक वंशवृक्षावर विकणाऱ्याने तोच जोड टाकला असेल तर कुटुंबाच्या थॉमसला त्या आईबापांपासून सोडवा. कारणाच्या चौकटीत फाईलचा क्रमांक, बायबलच्या पानाचा फोटो क्रमांक आणि १८११ हे साल लिहा. कारण न लिहिता सोडवलं तर आठवड्याभरात कोणीतरी पुन्हा जोडून ठेवतं.