दोन्हीकडे राउटर, तरी रोज रात्री दुकानाचा कॉम्प्युटर उघडतो: टेलस्केल आणि आरडीपी, आठ महिन्यांनंतर

आमचं हार्डवेअरचं दुकान चिपळूणला, मी पुण्यात. हिशेब मी बघतो, म्हणून रात्री तासभर तिथल्या कॉम्प्युटरवर बसावं लागतं. दिवसभर काउंटरवर उभे राहून दमलेल्या बाबांना रोज ‘स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवा’ म्हणणं मला नको होतं.

आरडीपी म्हणजे लांबचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर चालवायची विंडोजची सोय. आधी तिच्यासाठी राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी दुकानातल्या कॉम्प्युटरकडे वळवली. दोन संध्याकाळी गेल्या, काही लागेना. मग राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूच्या, पानावर पाहिलं, तर पत्ता १००.७२ नं सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटसाठी राखीव आहे. म्हणजे इंटरनेट कंपनीनं एकच पब्लिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे आपण कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरची हाक आपल्या राउटरपर्यंत येतच नाही. पोर्टच्या मागे लागण्याआधी हा पत्ता नक्की बघा. तसंही ३३८९ इंटरनेटवर उघडा टाकणं धोक्याचंच. पासवर्ड लावून बघणारे बॉट सतत फिरत असतात.

टेलस्केल हे लांबलांबचे कॉम्प्युटर एका खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर. त्यात पोर्ट उघडावाच लागत नाही. मधला सर्व्हर दोन्ही कॉम्प्युटरना एकमेकांचा ठावठिकाणा कळवतो, मग दोघेही एकमेकांकडे यूडीपी पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पाठवतात. राउटरच्या लेखी बोलणं आतूनच सुरू झालेलं असतं, म्हणून समोरून आलेलं तो आत सोडतो. हे जमलं नाही तर डेटा रिलेमार्गे, म्हणजे टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरवरून, जातो, पण एन्क्रिप्ट होऊनच. फरक हाताला कळतो: घरच्या फायबरवरून थेट जोडणी होते, मोबाइल हॉटस्पॉटवर बहुतेकदा रिले, आणि माउस मागे रेंगाळतो. ‘टेलस्केल पिंग’ कमांड दिली की कोणता मार्ग मिळालाय ते दिसतं. टेलस्केलनं दिलेला पत्ताही १०० नंच सुरू होतो, तेव्हा तो सीजीनॅटचा समजून गोंधळू नका.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज होम होतं. त्यावर बाहेरून आरडीपी घेता येत नाही, म्हणून प्रो घ्यावं लागलं. खर्च झाला, पण पटला. ‘रन अनअटेंडेड’ चालू केलं, नाहीतर कोणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जोडलं जात नाही. की एक्स्पायरी, म्हणजे टेलस्केलच्या साइन इनची मुदत, पहिल्याच दिवशी बंद केली. ती मुळात १८० दिवसांची असते आणि मुदत संपल्यावर पुन्हा साइन इन करायला कोणीतरी त्या खुर्चीत बसलेलं लागतं.

खरा त्रास पावसाळ्यात विजेनं दिला. लाइट जाऊन आली तरी कॉम्प्युटर बंदच, आणि बंद कॉम्प्युटरपुढे टेलस्केल काय करणार? गणपतीला गेलो तेव्हा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग केली आणि राउटर छोट्या यूपीएसवर टाकला. तेव्हापासून बाबा शटर ओढून निवांत घरी जातात.